दरवळाचा बंदोबस्त : बंदिस्त गांजालागवड आणि सक्रिय कोळसा

बंद इमारतीत दिव्यांखाली वाढवलेल्या गांजाच्या पिकाचा वास हा गेल्या दहा-बारा वर्षांत उत्तर अमेरिकेतील अनेक शहरांत नगरप्रशासनाचा, रसायनशास्त्राचा आणि शेजारधर्माचा एकत्रित प्रश्न होऊन बसला आहे. कोलोराडो राज्यात नोव्हेंबर २०१२ मधील मतदानाने प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून त्याची परवानाधारक विक्री सुरू झाली. कॅनडात हाच बदल देशभर १७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमलात आला. कायदेशीर झालेले पीक उघड्या शेतात जाईल अशी अपेक्षा कोणी केली असेल तर ती फोल ठरली, कारण लांबलचक हिवाळा, चोरीची भीती, परवान्यातील सुरक्षेच्या अटी आणि वर्षातून अनेकदा काढणी करता येण्याची सोय या साऱ्यांमुळे लागवड मुख्यतः जुन्या गोदामांत शिरली. डेन्व्हर शहरातील अशी गोदामे प्रामुख्याने ग्लोबव्हिल आणि इलिरिया-स्वान्सी यांसारख्या उत्तरेकडील कष्टकरी वस्त्यांना लागून होती. पाळीव प्राण्यांच्या खाद्याचा आणि इतर कारखान्यांचा वास सोसत आलेल्या या वस्त्यांच्या वाट्याला हा आणखी एक वास आला.

भारतातील स्थिती अगदी वेगळी आहे. १९८५ च्या अमली औषधे व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली परवान्यावाचून गांजाची लागवड करणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे येथे केलेले विवेचन जेथे ही लागवड परवान्याने आणि तपासणीखाली चालते त्या प्रदेशांपुरतेच आहे. तथापि त्यातील मुख्य तत्त्व, म्हणजे हवेतील गंध कोळशाच्या साह्याने अडवणे, हे सांडपाण्याच्या पंपघरापासून रासायनिक कारखान्यापर्यंत कोठेही तेच राहते.

या पिकाचा गंध कशाचा असतो, याचे प्रचलित उत्तर दीर्घकाळ ‘टर्पीन’ असे होते. टर्पीन म्हणजे वनस्पतींत तयार होणारी, सहज हवेत उडणारी, कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे. लिंबाच्या सालीतील लिमोनीन, चीड वृक्षाच्या राळेतील पायनीन, मिरीतील कॅरिओफायलीन ही त्यांची ओळखीची उदाहरणे असून गांजाच्या फुलोऱ्यात ती सारी, आणि त्यांच्या जोडीला बरेचसे मिरसीन, आढळतात. पण लिंबू, राळ आणि मिरी यांचे कोणतेही मिश्रण केले तरी त्यातून तो उग्र, कुबट, नाकात भरून राहणारा दर्प निघत नाही, ही अडचण जाणकारांना ठाऊक होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने तिचा उलगडा केला. फुलोऱ्यातील वायूंचे बारकाईने पृथक्करण केल्यावर गंधकयुक्त संयुगांचे एक कुटुंब सापडले आणि त्यातील ३-मिथिल-२-ब्यूटीन-१-थायॉल हे या दर्पाचे मुख्य कारण ठरले. थायॉल म्हणजे रेणूच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असलेले संयुग. स्कंक नावाचा अमेरिकेतील प्राणी आत्मरक्षणासाठी जो दुर्गंधी फवारा सोडतो तो अशाच संयुगांचा असतो, आणि उन्हात ठेवलेल्या बिअरला जो नकोसा वास येतो त्याच्या मुळाशी तर हाच थायॉल असतो. बिअरला कडवटपणा देणारी हॉप ही वनस्पती आणि गांजा एकाच कुळातील आहेत हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे.

गंधनियंत्रणाच्या दृष्टीने या शोधातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे हा थायॉल अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. बिअरमध्ये तो लिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशाच्या हिशेबात असला तरी पिणाऱ्याचे तोंड वाकडे होते. त्यामुळे नव्वद टक्के गंध अडवला हे विधान कागदावर भरीव दिसले तरी शेजाऱ्याच्या खिडकीशी त्याला फारसा अर्थ उरत नाही. दुसरी गोष्ट अशी की या संयुगांचे प्रमाण फुलोऱ्याच्या अखेरच्या आठवड्यांत झपाट्याने वाढते, काढणीनंतर फुले मुरवताना ते कमाल होते आणि साठवणीच्या पहिल्याच आठवड्यानंतर उतरते. वाढीच्या खोलीवर सगळा खर्च करून वाळवण्या-मुरवण्याच्या खोलीकडे दुर्लक्ष करणारा व्यावसायिक म्हणूनच चुकीच्या दारावर पहारा बसवतो.

कोळसा वायू धरून ठेवतो हे ज्ञान जुने आहे. स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते १७७३ मध्ये नोंदवले होते. १८५४ मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जॉन स्टेनहाऊस यांनी लंडनच्या महापौरांच्या मॅन्शन हाऊस या वास्तूत कोळशाच्या गाळण्या बसवून बाहेरची दूषित हवा शुद्ध करून दाखवली. विसाव्या शतकाच्या आरंभी फॉन ऑस्ट्रेइको यांनी कोळसा ‘सक्रिय’ करण्याच्या पद्धतींचे एकस्व घेतले, आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूंविरुद्धच्या मुखवट्यांमुळे या पदार्थाला एकाएकी प्रचंड मागणी आली. अमेरिकेत त्या काळी पीच फळाच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या नागरिकांकडून गोळा केल्या जात, कारण कठीण कवचापासून केलेला कोळसा वायू धरण्यात सरस ठरत होता.

लोणारी कोळसा आणि सक्रिय कोळसा यांत फरक आहे तो छिद्रांचा. करवंटी हवेवाचून भाजून मिळालेला कोळसा सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याच्या वाफेत ठेवला की वाफ त्यातील कार्बनचा काही अंश खाऊन टाकते आणि आत अतिसूक्ष्म पोकळ्यांचे जाळे कोरले जाते. करवंटीच्या कोळशात यांतील बहुतेक पोकळ्या दोन नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असतात. अशा एका ग्रॅम कोळशाचा अंतर्गत पृष्ठभाग साधारण हजार चौरस मीटर भरतो, म्हणजे चिमूटभर भुकटीत कबड्डीची सात-आठ मैदाने सामावलेली असतात. हवेतील गंधरेणू या पृष्ठभागाला दुबळ्या विद्युत्-आकर्षणाने चिकटून राहतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी आत मुरवून घेतो ते अवशोषण, तर येथे रेणू केवळ पृष्ठभागावर थर धरतो. टर्पिनांसारखे मोठे, सहसा द्रवरूप असणारे रेणू अरुंद पोकळीत घट्ट बसतात. अमोनिया किंवा हायड्रोजन सल्फाइडसारखे लहान रेणू मात्र साध्या कोळशातून सहज निसटतात आणि त्यांच्यासाठी रसायनाचा लेप दिलेला कोळसा लागतो.

या वर्णनातून एक गोष्ट निघते, जिच्याकडे उत्पादक, विक्रेते आणि कधी कधी नियम करणारेही काणाडोळा करतात. कोळसा गंध नष्ट करत नाही. तो फक्त ठेवून घेतो. जागा संपली की ठेवून घेणे संपते, आणि परिस्थिती बदलली तर ठेवलेले काही प्रमाणात परतही येते.

प्रत्यक्ष रचना वरवर सोपी असते. दोन जाळीदार नळकांडी एकात एक बसवून मधल्या पोकळीत कोळशाचे दाणे भरलेले असतात, बाहेरून धूळ अडवणारे कापडी वेष्टन असते, आणि पंखा खोलीतील हवा या दाण्यांतून ओढून बाहेर सोडतो. पंखा आत येणाऱ्या हवेपेक्षा अधिक हवा बाहेर टाकत असल्याने खोलीतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो. याला ऋणदाब म्हणतात. त्याचा लाभ असा की दाराच्या फटीतून गंध बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवाच आत येते आणि बाहेर जाण्याचा मार्ग फक्त कोळशातून उरतो. छताचे सांधे किंवा मालाचे दार उघडे असेल तर उत्तम गाळणीही शोभेपुरतीच राहते, आणि तक्रारींचे मूळ कोळशात नसून गोदामाच्या पत्र्यात असल्याचे निष्पन्न होऊ शकते.

हवा कोळशाच्या सहवासात किती वेळ राहते हा पुढचा प्रश्न. दाण्यांचा थर पाच सेंटीमीटर जाड असून हवा त्यातून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जात असेल तर हा काळ अवघा एक दशांश सेकंद येतो. पंख्याचा वेग दुप्पट केला की तो निम्मा होतो आणि वास वाढला म्हणून पंखा जोरात लावणारा माणूस नेमके उलटे काम करतो.

आर्द्रतेचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, आणि बहुतेक यंत्रणा जेथे कोलमडतात ते ठिकाण हेच. झाडांना घातलेल्या पाण्याचा फार मोठा भाग पानांवाटे वाफ होऊन हवेत येतो. दिवे चालू असताना खोली उबदार असते आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, आटोक्यात राहते. दिवे मालवले की तापमान उतरते, हवेची बाष्पधारणक्षमता कमी होते आणि तीच हवा दमट होते. कोरड्या कोळशाला पाण्याचे विशेष प्रेम नसते, परंतु सापेक्ष आर्द्रता साधारण साठ-सत्तर टक्क्यांपलीकडे गेली की सूक्ष्म पोकळ्यांत बाष्प द्रवरूप होऊन साचू लागते आणि गंधरेणूंची जागा पाणी अडवते. म्हणून दिवसा निर्दोष वाटणारी गाळणी रात्रीच्या अंधारकाळात गळू शकते. आर्द्रता काढणारे यंत्र हा पिकावरील बुरशी टाळण्यासाठी केलेला खर्च समजला जातो. गंधाच्या हिशेबातही त्याची नोंद कोळशाच्या बरोबरीने व्हायला हवी.

कोळसा भरत जाण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. हवा जेथून शिरते त्या बाजूचे दाणे आधी भरतात आणि भरलेल्या थराची सीमा हळूहळू बाहेरच्या बाजूकडे सरकते. सीमा टोकाला पोहोचेपर्यंत बाहेर काहीच कळत नाही. पोहोचल्यावर मात्र गंध थोड्याच अवधीत बाहेर पडू लागतो. हे सर्वांत शेवटी कळते ते तेथे काम करणाऱ्यांना, कारण एकाच वासात तासन्‌तास राहिलेले नाक त्या वासापुरते बधिर होते. ‘आम्हाला तर काही वास येत नाही’ हे व्यवस्थापकाचे उत्तर त्यामुळे प्रामाणिक असूनही पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते.

कोळशाला पर्याय म्हणून पुढे येणाऱ्या उपायांविषयी थोडक्यातच सांगणे पुरे. सुगंधी द्रव्य फवारून दर्प झाकणे म्हणजे शेजाऱ्याला एकाऐवजी दोन वास देणे. ओझोन वायू टर्पिनांचे रेणू फोडतो खरा, पण त्या क्रियेत फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये आणि सूक्ष्म कण तयार होतात आणि ओझोन स्वतः फुप्फुसांना अपायकारक असतो. माणसे वावरतात त्या जागेत तो सोडणे समर्थनीय नाही.

कॅलिफोर्नियातील कार्पिंटेरिया येथील वाद या संदर्भात बोधप्रद आहे. तेथील काचघरांत पूर्वी फुलशेती होत असे. गांजा कायदेशीर झाल्यावर त्याच काचघरांत तो आला. काचघर म्हणजे गोदाम नव्हे: उष्णता बाहेर काढण्यासाठी त्याचे छप्पर उघडावे लागते, आणि उघड्या छपरातून जाणारी हवा इतकी प्रचंड असते की ती सगळी कोळशातून गाळणे व्यवहार्य नसते. म्हणून अनेकांनी काचघराभोवती नळ्या लावून गंधशामक वाफ सोडण्याचा मार्ग धरला, ज्यावर रहिवाशांचे कधीच समाधान झाले नाही. पुढे काचघराच्या आतलीच हवा फिरवून कोळशातून नेणारी मोठी यंत्रे आली, आणि २०२५ मध्ये सांता बार्बरा काउंटीने काचघरांसाठी अशा कोळसाधारित किंवा तितक्याच परिणामकारक यंत्रणेची सक्ती करण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय उशिरा झाला असला तरी त्याची दिशा योग्य म्हणावी लागेल, कारण सुटलेल्या गंधाचा पाठलाग करण्यापेक्षा सुटण्याआधी त्याला गाठणे केव्हाही स्वस्त.

वास मोजायचा कसा, हा कायद्यापुढील खरा पेच आहे. डेन्व्हरमध्ये वापरले जाणारे साधन निरीक्षकाच्या नाकाला लावायचे असते. त्याला नेझल रेंजर म्हणतात. त्यात बाहेरची गंधयुक्त हवा आणि निर्गंध हवा ठरावीक प्रमाणात मिसळतात, आणि एक भाग गंधयुक्त हवेत सात भाग निर्गंध हवा मिसळूनही वास जाणवला तर मर्यादेचा भंग मानला जातो. ही निर्गंध हवा साधनातच तयार होते, तीही सक्रिय कोळशाच्या डब्यांतून गाळून. म्हणजे गाळणीची परीक्षाही अखेर कोळशाच्याच भरवशावर चालते. विरळ केल्यावर सातपटीची ही कसोटी ओलांडणारा वास प्रत्यक्षात फार तीव्र असतो, आणि रोज अंगणात येणारा मध्यम दर्प तिच्यात कधीच सापडत नाही.

ही उणीव ओळखूनच डेन्व्हरने २०१६ मध्ये नियमांचा रोख बदलला आणि गांजालागवडीसह काही उद्योगांना गंधनियंत्रण आराखडा देणे बंधनकारक केले. या आराखड्यात इमारतीचा नकाशा, कोणत्या कामातून व कोणत्या टप्प्यात गंध निघतो, यंत्रणेची रचना व देखभाल, कामगारांचे प्रशिक्षण आणि नोंदवह्या यांचा तपशील द्यावा लागतो. कॅनडाचे नियम याहून आखूड आहेत: बंद इमारतीत गांजाचा गंध बाहेर जाऊ न देणारी हवा गाळण्याची यंत्रणा असली पाहिजे, एवढेच ते सांगतात. यंत्रणा असणे आणि ती चालती असणे यांतील अंतर कोळशाच्या बाबतीत इतके मोठे आहे की डेन्व्हरची नोंदवही अधिक भरवशाची म्हणावी लागेल. कारण कोळसा कधी भरला, त्या काळात आर्द्रता किती होती आणि तो कधी बदलला, हे प्रश्न नाकाने नव्हे, नोंदींनीच सुटतात.

उरतो तो वापरलेल्या कोळशाचा प्रश्न. मोठ्या प्रमाणावर वापरलेला कोळसा पुन्हा भट्टीत तापवून धरलेली द्रव्ये हाकलून देता येतात आणि तो पुनःपुन्हा कामी येतो. लहान नळकांडी मात्र सहसा कचऱ्यात जातात. या साखळीचे दुसरे टोक नारळाच्या पट्ट्यात आहे. जगाला करवंटीचा सक्रिय कोळसा पुरवणाऱ्या देशांत श्रीलंका व फिलिपिन्स यांच्याबरोबर भारतही असून येथील हा उद्योग मुख्यतः तमिळनाडू आणि केरळ यांसारख्या दक्षिणेकडील राज्यांत वाढला आहे. करवंट्या भाजण्याचे काम पुष्कळदा खड्ड्यांत किंवा पिंपांत उघड्यावरच होते आणि त्याचा दाट धूर आसपासच्या वस्तीवर पसरतो. डेन्व्हरमधील रहिवाशाला निर्गंध हवा देणाऱ्या कोळशाची किंमत ठरवताना हा धूर हिशेबात धरला जात नाही. बंद भट्टीत करवंटी भाजून निघणारा वायू तिथल्या तिथे इंधन म्हणून जाळण्याचे तंत्र उपलब्ध असताना तरी तो धरला जायला हवा.