मंगळावरील लाव्हाचे वय

मंगळाच्या भूरूपांचा अभ्यास करणाऱ्यापुढील मूळ अडचण ही, की ज्या खडकाचे वय ठरवायचे तो खडक त्याच्या हाती नसतो. म्हणून केवळ छायाचित्रांवरून वय काढण्याची जी पद्धत शास्त्रज्ञांनी बसवली, तिच्या घडणीत जर्मन ग्रहवैज्ञानिक गेरहार्ड न्यूकुम यांचा वाटा फार मोठा आहे. अंतराळातून येणाऱ्या पाषाणांच्या आघाताने पडलेल्या खड्ड्यांना आघातविवरे म्हणतात, आणि भूभाग जितका जुना तितकी त्यावरील विवरांची दाटी अधिक, हे या पद्धतीचे सूत्र होय. लाव्हाचा जाड थर पसरला की जुनी विवरे बुजतात आणि मोजणी नव्याने सुरू होते. मात्र अशा मोजणीतून एक भूभाग दुसऱ्याहून जुना एवढेच कळते; त्याला वर्षांचा आकडा मिळाला तो अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या खडकांमुळे. प्रयोगशाळेत वय ठरलेले हे खडक जिथले, तिथे विवरे किती दाट आहेत यावरून दाटी आणि वय यांचे गणिती नाते बांधता आले, आणि विल्यम हार्टमन यांच्यासह न्यूकुम यांनी २००१ मध्ये ते मंगळासाठी जुळवून मांडले.

डिसेंबर २००३ मध्ये मंगळाच्या कक्षेत शिरलेल्या युरोपच्या मार्स एक्स्प्रेस यानावरील त्रिमिती कॅमेऱ्याचे न्यूकुम हेच प्रमुख संशोधक होते. त्या चित्रांत ऑलिंपस मॉन्स हा सुमारे २२ किलोमीटर उंचीचा ज्वालामुखी बारकाईने दिसला. त्याच्या माथ्यावर कॅल्डेरा, म्हणजे खालचा शिलारस ओसरल्याने छत खचून तयार झालेली कुंडे, एकमेकांत गुंतलेली आहेत. विवरमोजणीनुसार त्यांचे तळ १० ते २० कोटी वर्षांपूर्वीचे ठरले, तर पश्चिम कड्यावरील काही लाव्हाप्रवाह अवघे २४ लाख वर्षांचे निघाले. ग्रहाच्या साडेचार अब्ज वर्षांच्या आयुष्यात हा काळ कालपरवाचाच. मंगळ केव्हाच थंडावला, ही समजूत या आकड्याने हादरली, आणि हेच या संशोधनाचे खरे मोल आहे.

आक्षेपही तितकाच सबळ होता. मोठ्या आघाताने उडालेले दगड दूरवर पडून दुय्यम विवरे पाडतात. झुनिल या जेमतेम १० किलोमीटर व्यासाच्या विवराने अशी अंदाजे एक कोटी विवरे पाडली असावीत, असे २००५ मध्ये दाखवले गेले. कोवळ्या लाव्हावर मोजायला लहान विवरेच असतात. त्यांत दुय्यम किती, हे न उलगडता काढलेले वय सावधपणेच घेतले पाहिजे.

हा सावधपणा प्रत्यक्ष खडक हाती असतानाही सुटत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर मंगळाप्रमाणेच बेसाल्ट खडकात पडलेले असल्याने ग्रहवैज्ञानिकांना मोलाचे वाटते. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षे भरले होते, तर पुढे आर्गॉन वायूच्या मोजमापाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले.