तिचाही सव्वा महिना

(महिला मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणावरून)



आदिवासी मातांच्या आरोग्यावर बोला, असे मला सांगण्यात आले. विषय मोठा आहे. मी त्यातली एकच गोष्ट घेते. बाळंतपणानंतर आईच्या पोटाचे काय होते, ते शस्त्रक्रियेने कसे नीट होते, आणि शस्त्रक्रिया होऊनही ते कधी कधी पुन्हा का बिघडते. हा विषय आपण चारचौघांत काढत नाही. "पोट सुटले" म्हणतो आणि हसण्यावारी नेतो.

काही वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका वीटभट्टीवरून एक कातकरी बहीण आमच्याकडे आली. चार लेकरांची आई. पदराखाली एक हात सतत बेंबीवर दाबून धरलेला. हात काढला, तर बेंबीच्या जागी लिंबाएवढा फुगा. निजली की आत जायचा, उभी राहिली की बाहेर यायचा. "कधीपासून आहे गं?" असे विचारले, तर म्हणाली, "तिसऱ्या पोरापासनं, बाई." म्हणजे एक हात पोटावर आणि एक हात डोक्यावरच्या विटांना, अशी तिने वर्षे काढली होती. एक वीट तीन किलोची धरली आणि खेपेला दहाच विटा धरल्या, तरी तीस किलो होतात.

हे कसे होते, ते साध्या शब्दांत सांगते. आपल्या पोटावर बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात. त्यांना मधोमध एक पांढरा, चिवट पट्टा जोडून ठेवतो. गर्भ वाढतो तसा हा पट्टा ताणतो आणि दोन्ही स्नायू बाजूला सरकतात. शेवटच्या महिन्यांत हे जवळजवळ प्रत्येकीचे होते. तो आजार नव्हे. बाळंतपणानंतर बहुतेकींचे स्नायू हळूहळू जवळ येतात, पण सगळ्यांचे नाही. नॉर्वेमध्ये पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक वर्षानंतरही सुमारे एकतृतीयांश मातांमध्ये ही फट राहिलेली आढळली. तेव्हा ज्या बहिणींना हा त्रास आहे, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

घरच्या घरी पाहता येते. उताणे निजा, गुडघे दुमडा, डोके थोडे उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटे आडवी ठेवा. दोन बोटांहून जास्त फट लागली, तर डॉक्टरांना दाखवा. नुसती फट असेल तर आधी व्यायाम. श्वास सोडताना पोट आत ओढणे, कुशीवर वळून मग उठणे, असे साधे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. आपल्या आज्या बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याने बांधत. त्याने आधार मिळतो, बरे वाटते. पण केवळ बांधल्याने फट भरत नाही.

फट निराळी आणि हर्निया निराळा. फटीत पट्टा ताणलेला असतो, पण शाबूत असतो. हर्नियात त्याला भोक पडते आणि त्यातून चरबी किंवा आतडे बाहेर डोकावते. ते बेंबीशी होते. सिझेरियनच्या किंवा पोटावरच्या इतर शस्त्रक्रियेच्या व्रणातूनही होते. व्यायामाने भोक बुजत नाही. आणि एक धोक्याची खूण सर्वांनी पाठ करा. फुगा आत जाईनासा झाला, कडक झाला, जोराने दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असू शकते. तेव्हा शेक नको, चोळणे नको, सकाळची वाट पाहणे नको. त्याच घटकेला रुग्णालय गाठायचे.

शस्त्रक्रियेत सर्जन आतडे आत सारतात आणि भोक शिवतात. भोक अगदी लहान असेल तर टाके पुरतात. मोठे असेल, किंवा भोवतालचा पट्टा सैल असेल, तर आधाराला जाळी बसवतात. सरकलेले स्नायूही मधोमध शिवून जवळ आणता येतात. पुढे आणखी मूल हवे असेल आणि त्रास बेताचा असेल, तर डॉक्टर सहसा थांबायला सांगतात, कारण पुढच्या गर्भारपणात दुरुस्ती पुन्हा ताणली जाते.

सातारा-सांगलीच्या आपल्या मंडळ्यांना शस्त्रक्रिया नवी नाही. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या देशात आले आणि १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू झाले. आपल्यापैकी कित्येकांच्या आजी-पणजीच्या पोटावरचा व्रण मिरजेचा आहे. जाळीच्या खर्चावरही महाराष्ट्रातच वाट शोधली गेली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. टोणगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीच्या कापडाची निर्जंतुक केलेली जाळी हर्नियासाठी वापरली आणि २००३ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे युगांडात जांघेचा हर्निया असलेल्या ३०२ पुरुषांवर अशीच स्वस्त जाळी आणि बाजारातली महाग जाळी यांची तुलना झाली. एका वर्षानंतर दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. तो निकाल २०१६ साली आला. म्हणजे गरिबाच्या पोटाला जाळी परवडत नाही, हे कारण आता पुरेसे नाही.

मग अडते कुठे? त्यासाठी त्या बहिणीकडे परत जाऊ या.

तिची शस्त्रक्रिया चांगली झाली. भोक लहान होते, टाक्यांवर भागले. घरी जाताना मीच तिला सूचना दिल्या. सहा आठवडे जड उचलायचे नाही, खोकला आला तर पोटाला उशी धरायची, शौचाला जोर करायचा नाही. तिने मान डोलावली. मी कागदावर टिकमार्क केली आणि पुढच्या खाटेकडे वळले.

काही महिन्यांनी ती परत आली. हात पुन्हा बेंबीवर. मी रागावले. "सांगितलं होतं ना तुला उचलू नको म्हणून?" ती खाली बघत म्हणाली, "उचल फिटली नव्हती, बाई. दुसऱ्या आठवड्यात भट्टीवर गेले. मी नाय गेले तर मालक दोघांचा खाडा धरतो."

टाके केवळ ओझ्यानेच सुटले, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. रक्त कमी असते, खोकला असतो, जखम चिघळते, अशी अनेक कारणे असतात. पण एक चूक निश्चित माझी होती. "उचलू नको" हे मी तिला सांगितले, "मग तुझ्या वाटणीच्या विटा कोण उचलेल?" हे मी विचारलेच नव्हते.

आपल्या घरी लेक बाळंत झाली की आपण काय करतो? सव्वा महिना तिला पाण्याचा हंडा उचलू देत नाही. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. त्या सव्वा महिन्याला आपण लाड समजत नाही. तो तिचा हक्क समजतो. चार बाळंतपणांत या बहिणीला तो एकदाही मिळाला नव्हता. आणि शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर जे सहा आठवडे मागतात, ते दुसरे काय आहे? थोडे दिवस अधिक धरून, सव्वा महिनाच.

दुसऱ्या वेळी तिला जाळी बसवली. पण त्याआधी आम्ही चौघीजणी तिच्या झोपडीत जाऊन बसलो. सहा आठवड्यांचे तांदूळ, डाळ, तेल मंडळीतल्या बहिणींनी वाटून घेतले. बुडणाऱ्या मजुरीतला काही भाग वर्गणीतून दिला. मुकादमाशी पाळकसाहेब बोलले, तेव्हा उचलीचा हिशेब पुढच्या हंगामावर गेला. पाणी भरायला तिची नणंद आली. तिच्या सासूला आम्ही म्हटले, "आजी, हिला हंडा उचलू देऊ नका." आजी म्हणाली, "मला कोणी दिला होता का सव्वा महिना?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "बरं. हिला घेऊ द्या." यंदाच्या हंगामापर्यंत तरी तो फुगा परत आलेला नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी सरकारी योजनेचा लाभ मिळतो का, हे योजनेच्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यावे. कातकरी वस्तीवर ही कागदपत्रेच नसतात, तेव्हा ती काढून देणे हीदेखील सेवा आहे. आणि आपले दानार्पण शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवावे. तिथे योजना संपते आणि चूल सुरू होते.

शिवण घालणे सर्जनचे काम आहे. ती शिवण टिकेपर्यंत ओझे धरणे आपल्याला कोणालाही जमेल. आपल्या लेकीला देतो तो सव्वा महिना भट्टीवरच्या एका बहिणीला द्या, एवढेच मागते.

देव आपणा सर्वांचे भले करो.