हमीदाराची सही

(मिशनच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मागच्या सभेनंतर मंडळीतल्या एका काकांनी विचारले, "ताई, शैक्षणिक कर्जावर करात सूट मिळते ना? मग आदिवासी मुलांची अडचण काय?"

सूट आहे. पण ती फक्त व्याजावर, मुद्दलावर नाही. जास्तीत जास्त 8 वर्षे, आणि जुनी करपद्धत निवडणाऱ्यालाच. धडगावच्या डोंगरातला बाप ऊस तोडायला गुजरातेत जातो. त्याला आयकरच लागत नाही, तर सूट कशातून वजा करायची?

अशाच घरातल्या एका मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती आले नाही, म्हणून शिष्यवृत्ती अडली. शेवटी बँकेचे कर्ज काढले. 3 वर्षे, दर वर्षी 80 हजार, व्याज 10 टक्के. बँकेने हमीदार मागितला, मी सही केली. 4 लाखांपर्यंतच्या कर्जाला आईवडील सहकर्जदार असले की पुरते, हे मला नंतर कळले! तेव्हा कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

हप्ते शिक्षण संपल्यावर एका वर्षाने सुरू होणार होते, म्हणून आम्ही निर्धास्त. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत होते. केंद्राची व्याज अनुदान योजना आहे, पण तिचे कॉलेज त्यात बसत नव्हते. पहिला हप्ता येईपर्यंत 2 लाख 40 हजारांचे 3 लाख 12 हजार झाले. पगार 11 हजार, हप्ता 5 हजारांच्या वर. त्यात घरी धाकटी भावंडे. 4 हप्ते थकले आणि बँकेचा फोन मला आला.

धर्मशिक्षणाच्या डिप्लोमाला मी फिलेमोनाच्या पत्रावर निबंध लिहिला होता. अनेसिमाचे देणे पौल आपल्या नावावर मांडायला सांगतो, तो भाग. गुण चांगले पडले होते. त्याचा अर्थ मात्र बँकेच्या रांगेत कळला.

ते 4 हप्ते मी भरले. कर सल्लागाराला विचारले, तर म्हणाले, कर्ज तुमच्या नावावर नाही, ती तुमची मुलगी नाही, तुम्ही तिच्या कायदेशीर पालकही नाही, सूट नाही. ठीक आहे. आता ती स्वतः भरते, कधी उशिरा, पण भरते.

तुमच्याकडे सह्या मागायला मी आलेले नाही. अकरावी-बारावीतल्या मुलांचे वैधतेचे अर्ज आत्ताच भरायला हवेत. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच महिने जातात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत जायला हवा. तरीही कर्ज लागलेच, तर आधी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळात चौकशी करावी, बँकेत नंतर. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, कारकून आहेत, तहसील कचेरीत आयुष्य घालवलेले आहेत. वसतिगृहात शनिवारी दुपारी 2 वाजता आम्ही अर्ज भरायला बसतो. गेल्या शनिवारी 9 मुले होती आणि अर्ज समजणारी मी एकटी.