चित्राची पाठ

(रेडिओवरील भाषण)



आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत जाणतं गिऱ्हाईक चादर घ्यायला आलं की आधी ती उलटी करून बघतं. सोलापुरी जेकॉर्ड चादरीत वर तांबड्यावर पांढरं फूल असलं, तर खालच्या अंगाला पांढऱ्यावर तांबडं फूल. धागा कुठं तुटला, गाठ कुठं मारली, हे पाठीवर दिसतं. माझं लहानपण मागांच्या खडखडाटात गेलं आणि पुढं आयुष्यभर मी शाळेत चित्रकला शिकवली. म्हणून कुणी जुनं चित्र घेऊन दारात आलं, की माझा हात आधी त्याच्या पाठीकडं जातो. घरातल्या जुन्या, हातानं रंगवलेल्या चित्राची किंमत किती आणि ती ठरते कशी, याबद्दल आज बोलायचं आहे.

मागच्या दिवाळीच्या झाडलोटीत गल्लीतला माझा एक जुना विद्यार्थी मोठी तसबीर खांद्यावर घेऊन आला. कमळावर उभी लक्ष्मी, शेजारी सोंड वर केलेला हत्ती. "बाई, हे राजा रविवर्म्याचं ओरिजिनल आहे. पणज्यानं घेतलेलं. मोबाईलवर बघितलं, कोटीत जातंय." त्याचे दोन माग सहा महिने बंद होते, हे मला ठाऊक होतं. तसबीर पलंगावर ठेवताना त्याचे हात थरथरत होते.

मी त्याला म्हटलं, घरी जा आणि तुझा पिक ग्लास घेऊन ये. इंचात धागे किती, हे मोजायचं ते छोटं, घडीचं भिंग. आमच्या पेठेत ते बहुतेक कारखान्यांत सापडतं. काच काढून आम्ही ते लक्ष्मीच्या गालावर टेकवलं. भिंगाखाली गाल नव्हताच. गुलाबी, पिवळे, निळसर असे बारीक बारीक ठिपके होते. कुंचल्याचा फराटा नाही, रंगाचा थर नाही. त्यानं बघितलं, मग पुन्हा बघितलं, आणि खाली बसला.

रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी एकेक दगड, आणि त्या दगडांवरून एकावर एक रंग चढवत चित्र छापायचं, अशी ती पद्धत. त्या छापील चित्रांना ओलिओग्राफ म्हणतात. देवळात ज्यांना पाऊल टाकू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर त्या छापखान्यानं देव नेऊन टांगले. ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्याचमुळं आज घराघरांत 'आमच्याकडं रविवर्मा आहे' असं म्हणतात, आणि ते खरंही असतं, खोटंही असतं.

त्या पोराला मी स्पष्ट सांगितलं, की कोटी विसर. पण मग मी त्याला लक्ष्मीच्या साडीवर भिंग धरायला लावलं. साडीवर खऱ्या जरीचा धागा, बारीक टिकल्या आणि काठाला मखमलीची पट्टी होती. त्याच्या पणजीनं रात्री चिमणीच्या उजेडात ते छापील चित्र सजवलेलं. त्या काळी बायका हे करत. असे सजवलेले छाप जमवणारी माणसं आहेत आणि ती त्यांचे बरे पैसेही देतात. मूळ तैलचित्राच्या तुलनेत ते काहीच नव्हेत. तरी त्या टिकल्या टाकणारा हात त्याच्याच घरातला होता, आणि तसं दुसरं चित्र कुठंही नाही. तो तसबीर परत घेऊन गेला. विकली नाही, असं परवा कळलं.

नावाच्या मोहाचं आणखी एक उदाहरण सांगते. हातात समई, ज्योतीवर आडवा धरलेला दुसरा हात आणि बोटांच्या फटींतून पाझरणारा तांबूस उजेड, असं एका मुलीचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर शंभरदा पाहिलं असेल. कितीतरी लोक ते रविवर्म्याचं समजतात. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. समई धरून उभी होती ती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. जलरंगात असा उजेड धरणं किती अवघड, ते ज्यानं कधी ओल्या कागदाशी झुंज दिली त्यालाच समजेल. एवढं मोठं काम, आणि लोकांच्या तोंडी नाव भलत्याचं. हळदणकरांसाठी मला अजून वाईट वाटतं.

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, १९१५ सालचा. १९५४ मध्ये त्यांनी 'ग्रामयात्रा' नावाचं जवळजवळ चौदा फूट लांबीचं चित्र रंगवलं. त्यात तेरा चौकटी आहेत, आणि त्या चौकटींत कामात गढलेल्या बाया, लेकरं, गाडी, शेतकरी असं सगळं गाव आहे. त्याच वर्षी नॉर्वेचे एक शल्यविशारद दिल्लीत होते, लिऑन एलियास व्होलोदार्स्की. छातीच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण केंद्र उभारायला जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आलेले. त्यांनी ते चित्र विकत घेतलं आणि नॉर्वेला नेलं. १९६४ साली ते ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाकडं गेलं. पुढची कितीतरी वर्षं ते तिथल्या एका आतल्या वाटेवर टांगलेलं होतं. डॉक्टर, परिचारिका रोज त्याच्या शेजारून जात. हिंदुस्थानात मात्र त्या काळात ते कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं.

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ते आलं. लिलावघराचा अंदाज होता २५ ते ३५ लाख डॉलरचा. विकलं गेलं १ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना. भारतीय आधुनिक चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. ते पैसे डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी गेले, याचं मला फार समाधान वाटलं.

एवढी किंमत आली कशामुळं? चित्र थोर आहे, हे तर पहिलं. आकार मोठा, काळही बरोबर तो, जेव्हा हुसेनना आपली वाट सापडत होती. पण मी आणखी एका गोष्टीकडं बोट दाखवीन. या चित्राच्या मालकीत कुठंही खंड नाही. कुणी घेतलं, कोणत्या साली, कोणत्या गावात, तिथून कुणाकडं गेलं, सगळं सलग सांगता येतं. जसा सातबारा बघितल्याशिवाय शहाणा माणूस जमिनीचा भाव बोलत नाही, तसंच हे. सही कुणालाही करता येते. जुन्या चित्रावर नंतर केलेली सही भिंगाखाली ओळखू येते, कारण जुन्या रंगाला पडलेल्या भेगांमध्ये नवा रंग उतरलेला असतो. पण मालकीचा असा धागा मागाहून विणता येत नाही.

आणि हा धागा बहुतेक वेळा असतो चित्राच्या पाठीवर. लाकडी चौकटीवर चिकटवलेली दुकानाची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक, गंजलेले खिळे, कॅनव्हासवरचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेलं नाव.

इथं मला माझ्या घरचं सांगायला हवं.

आमच्या माडीवर आजोबांचं तैलचित्र आहे. फेटा, बंद गळ्याचा कोट, आणि उजव्या हाताचा अंगठा मागाचा धोटा लागून जरा वाकडा झालेला. सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत आलेल्या एका चित्रकारानं ते काढलं, असं आजी सांगायची. सही नाही. मी नोकरीला लागले त्या वर्षी हौसेनं ते नव्या चौकटीत बसवायला दिलं. आठ दिवसांनी चित्र परत आलं, लखलखीत. सोनेरी पट्टी, चेहऱ्यावर चकचकीत व्हार्निश, आणि मागं कोरं करकरीत प्लायवूड. जुना पुठ्ठा कुठाय, विचारलं, तर म्हणाले, कुजला होता, टाकून दिला. त्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. काही मोडीत, काही बाळबोध. लहानपणी मी त्या कितीदा पाहिल्या होत्या, आणि एकदाही उतरून घेतल्या नव्हत्या.

फ्रेमवाल्याला बोल लावून उपयोग नाही. 'मागचं काही टाकू नका' हे मीच सांगितलं नव्हतं. पण चित्रकाराचं नाव तिथं असेल, तर ते त्या दिवशी गेलं. कोल्हापुरात आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर असे चित्रकार होऊन गेले. त्यांच्याखेरीज गावोगाव हिंडणारे कितीतरी कसबी हात होते. ते आज सापडत नाहीत, कारण त्यांची नावं अशा पुठ्ठ्यांवर होती आणि पुठ्ठे गेले.

म्हणून ज्यांच्या घरी असं चित्र आहे त्यांना कळकळीनं सांगते. ते पुसू नका. बटाटा, पाव, साबण, लिंबू, यातलं काहीही रंगाला लावू नका. देवघराची काजळी बसली असली तरी बसू दे. ती जाणकार काढील, पण तिच्यासोबत रंग गेला, तर तो परत आणता येत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रांच्या जतनाचा विभाग आहे, तिथं विचारा. किंमत जाणून घ्यायची तर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढा. समोरून एक, पाठीवरून एक, सहीचा आणि कोपऱ्यांचा जवळून. चौकट सोडून लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं, तेही लिहा. मुंबईत पंडोल, सॅफरनआर्ट, अ‍ॅस्टागुरू अशी लिलावघरं आहेत. ती अशा फोटोंवरून आधी अंदाज सांगतात. आणि दारावर येऊन 'आत्ताच रोख देतो' म्हणणाऱ्याला दार लावून घ्या. अंदाज एकाचा न घेता दोघांचा घ्या. हेही ध्यानात ठेवा, की लिलावात हातोडा पडतो ती रक्कम आणि तुमच्या हातात पडते ती रक्कम एक नसते. मध्ये लिलावघराचं कमिशन असतं.

कायद्याचंही भान हवं. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तू ठरतं. त्याची पुरातत्त्व खात्याकडं नोंदणी लागते, आणि अमेरिकेतल्या नातवाच्या बॅगेत घालून ते पाठवता येत नाही. रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय यांच्यासह नऊ चित्रकारांची कामं तर राष्ट्रीय ठेवाच मानली आहेत. शेर-गिल यांचं एक चित्र २०२३ मध्ये ६१ कोटी ८० लाखांना गेलं, पण ते देशाबाहेर जाऊ शकत नाही.

खरं तैलचित्र कसं दिसतं हे डोळ्यांत साठवायचं असेल, तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभ्या केलेल्या तिथल्या भवानी संग्रहालयात रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं प्रत्यक्ष बघायला मिळतात. भिंगही लागत नाही. बाजूनं तिरकं उभं राहिलं की रंगाचा थर उजेडात दिसतो.

गेल्या महिन्यात मी माझ्या आत्याला भेटले. नव्वदीला टेकली आहे. तिला विचारलं, आजोबांच्या चित्रामागं काय लिहिलं होतं गं? ती थोडा वेळ छताकडं बघत राहिली, मग एका दमात म्हणाली, "अठरा रुपये ठरले. पैकी दहा पोचले. बाकी पुढच्या गड्ड्याला." चित्रकाराचं नाव? ते तिला आठवेना. "तो जेवायला आपल्याकडंच असायचा," एवढं मात्र म्हणाली.

घरी आल्यावर आजोबांना भिंतीवरून उतरवलं, पालथं केलं, आणि एका जाड कागदावर आत्याचे ते शब्द जसेच्या तसे लिहिले. खाली लिहिलं, 'आत्याच्या आठवणीवरून', आणि त्या दिवसाची तारीख. मग तो कागद प्लायवूडच्या कडेला दोऱ्यानं बांधला. चिकटवला नाही.