गोबरगॅसच्या नळीतलं पाणी

आम्ही बचत गटाच्या बायका आज गोबरगॅसबद्दल बोलणार आहोत.

मागच्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकीची शेगडी रोज पहाटे रुसायची. नळीत गुडगुड वाजायचं, ज्योत फडफडायची आणि चहाला आधण येण्याआधीच विझायची. शेण रोज घातलेलं, टाकीत गॅस भरपूर. घरचे म्हणू लागले, "बंद करा ते, चूलच बरी." चूल परत म्हणजे सरपण परत, धूर परत. म्हणून आम्ही चौघीजणी टाकीपासून नळी बघत निघालो. गोठ्याजवळ ती खाली लोंबली होती. टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद करून तिथला जोड सोडवला, तर तांब्याभर पाणी निघालं!

हे पाणी येतं कुठून? शेणकाल्यातून निघणारा गॅस मुळात ओलाच असतो. भाताच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तसे गार नळीत थेंब धरतात. ३५ अंशांच्या एक घनमीटर गॅसमध्ये सुमारे ४० ग्रॅम पाण्याची वाफ असते. तोच गॅस २० अंशांपर्यंत गार झाला, की जेमतेम १७ ग्रॅम मावते. बाकीचं पाणी नळीत. रोज दोन घनमीटर गॅस वापरला, तर तीन आठवड्यांत जवळजवळ एक लिटर!

शिवाय या गॅसमध्ये कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो. तो पाण्यात मिसळला की बर्नर आणि तोट्या गंजतात.

मोठ्या कारखान्यांनाही हीच अडचण येते. गाड्यांसाठी बायोगॅस दाबून भरायचा, तर आधी तो यंत्राने गार करून पाणी काढतात. मग सिलिका जेलसारख्या खड्यांनी भरलेल्या उभ्या टाक्यांतून सोडतात. नव्या पर्समध्ये बारीक पुडी निघते ना, तेच खडे. टाक्या दोन असतात. एक गॅस वाळवते, तोवर दुसरीतले ओले खडे तापवून कोरडे करतात. जमिनीखालून किंवा समुद्रातून काढलेला नैसर्गिक वायू बऱ्याचदा ग्लायकॉल नावाच्या द्रवातून नेतात, तो पाणी ओढून घेतो. वायू ओला राहिला, तर जास्त दाबाखाली आणि थंडीत त्याचे बर्फासारखे खडे होऊन नळ तुंबतो.

आपल्याला एवढी यंत्रं नकोत. नळीला उतार हवा, कुठेही झोळ नको. सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवून घ्या. थंडीत आठवड्यातून एकदा ती उघडा. त्याआधी शेगडी बंद करा, जवळ चूल, दिवा, विडी काही नको. पाणी संपून फुस्स आवाज आला की तोटी लगेच बंद.

आणि एक लक्षात ठेवा. पाण्यामुळे ज्योत विझली, तरी मागून गॅस येतच राहतो. आधी शेगडीची तोटी बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका. वास पूर्ण गेल्यावरच काडी ओढा.

आमच्या त्या मैत्रिणीने तोटी बसवून घेतली. आता पहाटेचा चहा गॅसवरच होतो. तुमची नळी कुठे लोंबते आहे, ते आज संध्याकाळी बघाच.