चिपवरील रोहित्र
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मुलुंडच्या रस्त्यावरील रोहित्र आपण नित्य पाहतो. त्यात लोखंडी गाभा व शेकडो वेढे असतात. 26 गिगाहर्ट्झच्या ज्या लहरींचा भारतात 2022 साली लिलाव झाला, त्यांसाठी सिलिकॉनच्या चिपवर कोरलेल्या रोहित्रास मात्र गाभा नसतो आणि वेढेही बहुधा एकदोनच असतात.

मी केवळ मॅट्रिक झालेला शिक्षक. हे मला घाटकोपरच्या पुतण्याने समजाविले. चिमुकला ट्रान्झिस्टर एकदोन व्होल्टच सोसतो, म्हणून अनेकांची शक्ती या रोहित्राने एकत्र करावयाची. परंतु वेढे वाढविले, की पातळ धातूत व खालच्या सिलिकॉनमध्ये ती उष्णता होऊन वाया जाते. त्याची पहिली रचना इथेच फसली. चिप घडून आल्यावर वेढा सोडविता येत नाही! आता तो तारेची रुंदी नव्याने मोजीत बसला आहे.