कर्दळीचा गड्डा : निसर्गनिरीक्षणाचा एक पाठ
(केंद्रसंमेलनातील भाषण)



हौदाच्या कडेला, सांडपाण्याच्या चरीजवळ कर्दळ आपोआप वाढते, म्हणून तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. वस्तुतः निसर्गनिरीक्षणाचा एक संपूर्ण पाठ तिच्या बुडाशी पुरलेला आहे.

“कर्दळीचे मूळ दाखव,” असे म्हटले की मूल गड्डा दाखविते. आपण लगेच “चूक” म्हणू नये. गड्डा स्वच्छ धुवावा, शेजारी एक रताळे ठेवावे आणि मुलांनाच पाहू द्यावे. गड्ड्यावर पेरी आहेत, पेऱ्यांवर खवल्यांसारखी पाने व त्यांच्या बगलेत डोळे आहेत. रताळ्यावर पेरी नाहीत. गड्ड्याच्या अंगावर खरी मुळे निराळीच फुटलेली दिसतात. तेव्हा गड्डा हे जमिनीत आडवे वाढणारे खोड होय आणि रताळे हे मूळ होय, हा निष्कर्ष मुले स्वतः काढतील. मग घरातील हळद व आले तपासून पाहण्यास सांगावे.

गड्ड्याचे टोक वर वळून त्याचा दांडा होतो व शेंड्याला फुले येतात. त्यांतील रुंद रंगीत भाग पाकळ्या नसून रूपांतर पावलेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या अरुंद असतात. एकदा फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. तो जमिनीलगत कापावा. पुढील वाढ बाजूचा डोळा चालवितो. अशा रीतीने बेट पसरते, परंतु दाटी झाली की फुले कमी होतात. म्हणून पावसाच्या आरंभी बेट खणावे, दोन-तीन डोळे असलेले तुकडे करावे आणि ते चार बोटे खोल, हातभर अंतरावर लावावे. या तुकड्यांना मूळच्याच रंगाची फुले येतात. बियांपासून वाढविलेल्या बागेतील जातींविषयी तशी खात्री देता येत नाही.

ज्या शाळेस विहीर नाही, तेथील बाग मे महिन्याच्या सुट्टीत करपते. वर्षभर पाणी घातलेले रोप जूनमध्ये मेलेले पाहून मुलाचा हिरमोड होतो आणि पुढे त्याचा हात बागेकडे वळत नाही. कर्दळीच्या गड्ड्यात पिठूळ अन्न साठविलेले असते. वरची पाने वाळली, तरी गड्डा जिवंत राहिल्यास पावसाबरोबर कोंब येतो. तो कोंब पाहणे, हे त्या मुलाचे खरे शिक्षण आहे.

तरी ज्या शाळेत कर्दळीचे बेट दाटले असेल, तिने या पावसाळ्यात शेजारच्या शाळेस काही गड्डे द्यावेत, आणि ते मुलांच्याच हातून द्यावेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.